आत्या काही मरत नाही

वसई पश्चिम,
दिवाळीनंतरचा, चकल्या मऊ पडल्याचा आठवडा

प्रिय मटिल्डा हिस,

वसईहून सुमेधाचा प्रेमाचा नमस्कार. कॅरलला आणि जावईबापूंना आशीर्वाद, नातवंडांना पापा, आणि तुझ्या नव्या गुडघ्याला माझा खास दंडवत. गुडघा कसा आहे? जिना चढतेस का, की डॉक्टरांचं नाव पुढे करून खालच्या खोलीत बसून सगळ्यांना कामं सांगतेस? (दुसरं असेल तर तब्येत उत्तम आहे असं मी समजते.) नाशिकला थंडी पडली असेल. इथे अजून पंखा चालू आहे आणि सुरुचीवहिनी अजून रोज विचारते की पंखा बंद करू का. बाकी आमच्याकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरी हकिकत पुढे येईलच.

आधी एक सूचना. हे पत्र तुला तुझ्या फोनमधली बाई वाचून दाखवणार. ती प्रत्येक ठिकाणी 'कंस सुरू, कंस समाप्त' असं बजावत असेल तर कॅरलला सांगून ते बंद करून घे. मला कंसांशिवाय बोलता येत नाही, आणि चार ओळींत दहादा कंसमामा भेटायला लागला तर तू पत्र अर्धवट टाकशील हे मला शाळेपासून माहीत आहे. माझ्या कॉम्प्युटरमध्ये वाचणारा पुरुष आहे. मघाशी लिहिलेल्या 'दंडवत'चा त्याने जो उच्चार केला, तो तुझ्या गुडघ्याला मानवला नसता.

मुद्द्याला येते. मुद्दा असा, की मागच्या महिन्यात मी भर सभेत, शंभरएक माणसांच्या साक्षीने मरायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही. लगेच फोन उचलू नकोस. ही गोष्ट व्हिडिओ गेममधली आहे. पण त्यावरून घरात जे झालं ते खरंच झालं, म्हणून तुला फोनवर तुकड्यातुकड्यांनी ऐकवलेलंही पुन्हा पहिल्यापासून सविस्तर लिहिते.

जितेश तुला आठवत असेल, माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा. (तू मागे फोनवर म्हणालीस की भावाचा मुलगा तो भाचा नव्हे, पुतण्या. ते काकाला. आत्याला तो भाचाच. शिवाय मी त्याला लहानपणापासून भाचा म्हणते आणि तो ओ देतो.) दादा गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, मी, वहिनी आणि तो. जितेश घरी बसूनच कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करतो. म्हणजे दिवसभर कानाला हेडफोन लावून 'येस, येस, ऑब्व्हियसली' असं म्हणत असतो, आणि महिन्याच्या शेवटी पगार येतो. लग्नाचा विषय काढला की त्याची मीटिंग सुरू होते.

हा जितेश पहिलीदुसरीत असताना दादाने नालासोपाऱ्याच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. त्यात कॅसेट घालायची. कॅसेटवर म्हणे लाखो गेम असल्याचं छापलेलं होतं, प्रत्यक्षात पाचच होते आणि तेच वेगवेगळ्या नावांनी परत परत यायचे. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची. हे काम माझ्याकडे असे, कारण मी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या असल्यामुळे माझा दमसास चांगला आहे, अशी घरात समजूत होती. त्या पाचांतला एक गेम जितेशचा जीव की प्राण. एक छोटासा माणूस अंधाऱ्या गुहेतून डावीकडून उजवीकडे चालत जातो. खड्डा आला की उडी मारायची, वटवाघूळ आलं की वाकायचं, किल्ली उचलायची, दार उघडायचं आणि पुढच्या गुहेत जायचं. त्या माणसाचं आम्ही नाव ठेवलं होतं खंडू. जितेश खेळायचा आणि मी शेजारी बसून ऐकायचे. उडीला 'टुईं', किल्लीला 'टिंग', आणि खंडू मेला की सनईचा गळा दाबावा तसा एक आवाज. मला सगळं पाठ झालं होतं. फक्त खड्डा काही बोलायचा नाही. खड्डे गप्प असतात, हे इथल्या रस्त्यांवरून काठी टेकत बँकेत गेलेल्या बाईला कुणी वेगळं सांगायला नको.

तर या वर्षी जितेशच्या वाचनात आलं की जगात ठिकठिकाणी लोक असे जुने गेम घेऊन त्यांना आवाज बसवताहेत, म्हणजे आपल्यासारख्यांना ते नुसत्या कानांनी खेळता येतील असे. आणि एके दिवशी जेवताना तो मला म्हणाला, "आत्या, तेव्हा तू नुसती फुंकर मारायचीस. आता तू खेळायचं." मटिल्डा, मी एकोणसाठ वर्षांची बाई. आजवर मला लोकांनी खूप काही विचारलं आहे. पाणी हवं का, बसायचं का, हात धरू का. 'खेळायचं का' असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी आमटी वाढून घेतली आणि बघू म्हणाले. (मनात काय झालं ते आमटीला माहीत.)

पहिल्या प्रयत्नात त्याने गेममध्ये एक बोलणारी बाई बसवली. ती सगळं वर्णन करून सांगायची. 'समोर दोन पावलांवर एक खड्डा आहे, खड्ड्याच्या काठावर हिरवं शेवाळ आहे, छताला' इतकं होईपर्यंत खंडू खड्ड्यात. पुढचं वर्णन आम्ही त्याच्या पश्चात ऐकायचो. मग त्याने बाईला रजा दिली आणि प्रत्येक वस्तूला तिचा स्वतःचा आवाज दिला. त्यासाठी तो झपाटल्यासारखा हिंडला. कळंबच्या किनाऱ्यावर जाऊन रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून वारा कसा वाहतो ते रेकॉर्ड करून आणलं, तो झाला खड्डा. वहिनीची छत्री शंभरदा उघडमीट केली, ती झाली वटवाघळं. (छत्री त्यातच मोडली. वहिनीने ती अजून हिशेबात धरलेली आहे.) कामणला गोदामांच्या रस्त्यावर उभं राहून पत्र्याचं शटर आपटल्याचा आवाज आणला, ते गुहेचं दार. हौसेहौसेने त्याने शेवाळालासुद्धा आवाज दिला. आणि हे सगळे एकदम बोलायला लागले. मी हेडफोन लावला तर आत आठवडी बाजार भरलेला. त्या गर्दीत खंडू कुठे आणि मी कुठे, काही पत्ता लागेना.

तेव्हा मात्र मी सूत्रं हाती घेतली. जितेशला म्हटलं, एक नियम कर. जे मला मारणार नाही, त्याने गप्प बसायचं. शेवाळ गप्प, दगड गप्प, छत गप्प. खड्डा बोलेल, वटवाघूळ बोलेल, किल्ली बोलेल, कारण ती हवी आहे. डावीकडचं डाव्या कानात, उजवीकडचं उजव्या कानात. वरचं असेल तर पट्टी चढी, खालचं असेल तर उतरती. जवळ येईल तसा आवाज मोठा. बस. जितेश म्हणाला की हे तर इतकं सोपं आहे. मी म्हटलं, सोपं नाही, मी आयुष्यभर असाच रस्ता ओलांडते.

त्यानंतर गेम तयार झाला आणि मी खेळायला बसले. आणि मेले. परत बसले, परत मेले. पहिल्या खड्ड्यात मेले, पहिला ओलांडला तर वटवाघळाने मेले, वटवाघूळ चुकवलं तर आनंदात दुसऱ्या खड्ड्यात मेले. असं दोन-तीन दिवस चाललं. त्यातच माझी उजवीकडची अक्कलदाढ ठणकायला लागली, गाल सुजला, आणि मी लवंगेचं तेल लावून दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दाढ काढली. परत खेळायला बसले, आणि काय सांगू, खेळ एकदम सुधारला. पहिली गुहा पार, दुसरी पार, तिसरी पार. मला वाटलं दाढ गेली आणि तिच्याखाली अडकलेली अक्कल मोकळी झाली. कधीतरी उडीला उशीर व्हायचा, पण खंडू जरा धडपडल्यासारखा आवाज करून पुढे निघायचा, आणि मी म्हणायचे, थोडक्यात वाचलो. माणसाला आपण थोडक्यात वाचलो असं वाटायला फार आवडतं. मी त्याची कधी चौकशी केली नाही.

नंतरचे काही आठवडे मी फार वाईट वागले, हे तुला माहीतच आहे, कारण तुलाही रोज फोन येत होते. दूधवाल्याला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, तळमजल्यावरच्या मासळीवालीला सांगितलं. (ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या, पापलेट ताजं हाय, बघा." तिला गेममध्ये रस नव्हता.) आणि हे सगळं पोहोचलं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शांतारामभाऊ यांच्या कानावर. शांतारामभाऊंचं असं आहे, की त्यांना कार्यक्रम लागतो, कारण मागाहून सापडतं. कोजागरीनंतर दिवाळीपर्यंतचे दिवस त्यांना मोकळे जाणार होते. त्यांनी स्टेशनजवळचा हॉल घेतला, बॅनर केला आणि कार्यक्रमाला नाव दिलं 'अंधारावर मात'. मला अंधाराची काही कल्पना नाही, मटिल्डा. मी जन्मापासूनची आंधळी, मला अंधार कधी दिसलेलाच नाही. पण मात करायचीच म्हटल्यावर मी इस्त्रीची साडी नेसले.

जितेश मात्र त्या दिवशी सकाळपासून घुम्यासारखा होता. कार्यक्रम नको म्हणत होता, मग म्हणाला निदान व्यासपीठावर खेळायला नको, नुसतं भाषण कर. मी म्हटलं, भाषण काय कुणीही करतं. वहिनीही स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आवाज करून ठेवत होती. मला तेव्हाच ऐकू यायला हवं होतं. पण आपलं कौतुक व्हायचं असेल तेव्हा माणसाचे कान बाकीच्या कामाला फारसे उपलब्ध नसतात.

प्रमुख पाहुणे होते एक माजी. (कशाचे माजी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.) त्यांना म्हणे आमच्या वेदना अनुभवायच्या होत्या, म्हणून त्यांनी डोळ्यांवर रुमाल बांधून आधी स्वतः खेळायचं ठरवलं. ते पहिल्याच खड्ड्यात गेले. मग परत गेले. तिसऱ्यांदा रुमालाखालून बघून खेळले, तरी गेले. मग त्यांनी रुमाल सोडला आणि गदगदून सांगितलं की आपल्या भगिनी हे रोज सोसतात. जणू मी रोज सकाळी कोथिंबीर आणायला वटवाघळांतून जाते. टाळ्या झाल्या. जितेश पुढे आला, "एक मिनिट आत्या, सेटिंग करतो" म्हणाला, बटणांचा चटचट आवाज झाला, आणि मला खुर्चीवर बसवण्यात आलं.

आता झालं असं, की लोकांना ऐकू यावं म्हणून शांतारामभाऊंनी माझा हेडफोन काढून आवाज हॉलच्या मोठ्या स्पीकरवर टाकलेला. त्यामुळे डावं-उजवं सगळं एक झालं, आणि कळंबचा वारा चारी भिंतींवरून घोंगावायला लागला. मी अंदाजाने खेळत होते. पहिल्या दोन गुहा निभावल्या. तिसऱ्या गुहेत मोठा खड्डा येतो, तो मला पाठ आहे. मी उडीचं बटण दाबलं आणि दाबता दाबताच मला कळलं की उशीर झाला. थोडाथोडका नाही. खंडू केव्हाच खड्ड्यात असायला हवा होता. वारा माझ्या पायाखालून येत होता. पण खंडूची पावलं वाजतच होती. टक, टक, टक. जमीन नसलेल्या ठिकाणी, अगदी शांतपणे.

मी थांबले. मग मुद्दाम मागे फिरले आणि खड्ड्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. काही झालं नाही. टाळ्या झाल्या. पुढे जाऊन वटवाघळाच्या वाटेत उभी राहिले. छत्री माझ्या अंगातून फडफडत निघून गेली. टाळ्या वाढल्या. मग मी उडीच्या बटणावरचा हातच काढून घेतला, उजवीकडे जायच्या बटणावर एक बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने कमरेचा रुमाल काढून नाक पुसलं. खंडू सगळे खड्डे, सगळी वटवाघळं, सगळ्या कोसळत्या शिळा ओलांडून कीर्तनाला निघालेल्या माणसासारखा सरळ चालत गेला. शांतारामभाऊ माइकवर ओरडत होते की पाहा, एका बोटाने. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी करू शकले नाही. मरताच आलं नाही, अशी ही पहिलीच वेळ.

खेळ संपल्याचं संगीत वाजलं. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी आधी 'धन्यवाद' म्हटलं आणि मग विचारलं, "जितेश, मी मरत का नाही रे?"

शांतारामभाऊंनी लगेच माइक घेतला आणि भरल्या गळ्याने म्हणाले की एवढ्या यशाच्या क्षणीही ताईंच्या मनात हा जीवनाचा गहन प्रश्न आहे. मागच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं. त्यानंतर शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. स्मृतिचिन्ह मी चाचपून पाहिलं. डोळा होता. मोठा, काचेचा, पापण्यांसकट.

परतीच्या रिक्षात आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो होतो आणि नारळ वहिनीच्या मांडीवर होता. मग जितेशनेच सुरुवात केली. त्याने गेममध्ये माझ्यासाठी वेगळी सोय करून ठेवली होती. कॉम्प्युटरला कळायचं की खेळणारी मी आहे, की मग कशानेच मरण नाही. त्या सोयीला त्याने नावही दिलं होतं, आत्या मोड. वहिनीला माहीत होतं. मी विचारलं, का. तर म्हणाला, "तू दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलीस ना. सारखी हरत होतीस, मला वाटलं तुझ्या मनाला लागलं."

"माझी दाढ दुखत होती."

"तू काही बोलली नाहीस पण."

"तोंड सुजलं होतं."

वहिनी मधूनच म्हणाली की ती त्याला सांगत होती, गालाकडे बघ. रिक्षावाल्याने आरसा जरा आमच्याकडे वळवला असावा, कारण खट असा आवाज झाला आणि मग तो फारच हळू चालवायला लागला.

मटिल्डा, मी हसायला हवं होतं. पण घरी येऊन शाल काढून ठेवली आणि मला इतका राग आला की माझा मलाच ऐकू येईना. हा राग जितेशचा नव्हता. तुला सांगायला नको, आपल्याला लोकांनी जे रस्ते ओलांडून दिले त्यातले निम्मे आपल्याला ओलांडायचेच नव्हते. गाण्याच्या तिसऱ्या परीक्षेत परीक्षकांनी माझी बंदिश संपायच्या आत, केवढी ही साधना, असं म्हणून पहिला वर्ग दिला. त्या दिवशी मी अंतरा विसरले होते. बँकेने मला ज्या वर्षी उत्कृष्ट कर्मचारी म्हणून गौरवलं, त्या वर्षी मी टायफॉइडने चार महिने घरी होते. त्या बक्षिसाचं घड्याळ अजून भिंतीवर आहे. (बंद आहे, पण मला कोण सांगणार.) दर वेळी मी आभार मानले. आभार मानायला मी इतकी पटाईत झाले आहे, की हॉलमध्येसुद्धा, मरता येत नाही हे कळल्यावर, माझ्या तोंडून पहिल्यांदा 'धन्यवाद'च निघालं होतं.

जितेश दाराशी येऊन उभा होता. मी त्याला म्हटलं, "मला आजवर कुणी पडू दिलं नाही रे. उचलून पलीकडे ठेवलं. एक खेळ तरी असा असू दे, जिथे माझं चुकलं तर चुकलं."

मग त्याने जे सांगितलं ते मी इथे थोडक्यात देते, कारण ते सांगताना त्याचा आवाज नीट नव्हता. दादा गेल्यापासून मी घरात मोठ्याने हसले नव्हते म्हणे. पहिली गुहा पार झाली त्या दिवशी मी हसले, आणि ते बंद होईल या भीतीने त्याने आत्या मोड काढला नाही. रोज उद्या काढू म्हणत होता. या मुलाने माझ्यासाठी वाऱ्याचा, पत्र्याचा, छत्रीचा आवाज शोधून आणला, आणि माझ्या गप्प बसण्याचा आवाज तेवढा त्याला चुकीचा ऐकू आला. त्यात त्याची चूक नाही. दाढदुखी आणि दुःख, दोन्ही भिंतीकडे तोंड करून पडली की सारखीच ऐकू येतात.

"काढतो," तो म्हणाला. "पण आत्या, तू खूप मरशील."

"मरेन ना."

आणि खरंच मेले. मटिल्डा, मी किती वाईट खेळते याची तुला कल्पना नाही. मलाही नव्हती. मला पुरी एक गुहासुद्धा येत नव्हती. सकाळी चहानंतर मरायचे, दुपारी वामकुक्षीआधी मरायचे, दिवेलागणीला वहिनी देवाशी उदबत्ती लावत असायची तेव्हा इकडे सनईचा गळा दाबला जात असायचा. वहिनीला ते ऐकवेना. ती दर वेळी स्वयंपाकघरातून 'अगं बाई गं' म्हणायची. शेवटी मी तिला सांगितलं की तूही खड्ड्याला घाबरू नकोस, तो बाटलीचा वारा आहे. दिवाळीत पाहुणे आले तेव्हा त्यांच्यासमोरही मेले. शांतारामभाऊ फराळाला आले होते, ते म्हणाले ताई, तुमचा फॉर्म गेला वाटतं. मी म्हटलं, हो, आता कुठे आला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली गुहा पार झाली. दोन्ही खड्डे, सगळी वटवाघळं, किल्ली, आणि कामणचं शटर धाडकन उघडलं. घाबरत घाबरत मी मागे गेले आणि मुद्दाम एका खड्ड्यात पाय टाकला. मेले. म्हणजे खरं होतं. परत पहिल्यापासून सुरू केलं आणि परत पार केली. मी हेडफोन काढला. आतल्या खोलीत जितेश कुणा परदेशी माणसाला 'ऑब्व्हियसली' म्हणत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला सांगितलं की माझी पहिली गुहा झाली. खरी.

"बरं," वहिनी म्हणाली, "मग आता जरा लसूण सोलून दे."

मी लसूण सोलला. इतका छान सत्कार माझा आजवर झालेला नाही.

आता पुरे करते. गुडघ्याला जप, कॅरलचं ऐक (निदान ऐकल्यासारखं कर), आणि नाताळात वसईला येणार असशील तर आधी कळव, म्हणजे घर झाडून ठेवायला वहिनीला अवधी मिळेल.

तुझी, आता कधीही मरू शकणारी,
सुमेधा

ता. क. वरचा सगळा मजकूर वाचून मी सत्काराच्या वस्तू बाणेदारपणे परत केल्या असतील असं तुला वाटलं असेल. तत्त्वतः माझंही तेच मत आहे. पण शाल चांगली उबदार आहे. श्रीफळाची चटणी झाली. डोळा तेवढा देणार आहे, कुणी घेत असेल तर.

आणखी ता. क. हे पत्र मी खरं तर एका कामासाठी लिहिलं, ते वर लिहायचं राहिलं. आत्या मोड काढल्यापासून गेममध्ये माणूस मेला की एक यांत्रिक बाई बोलते, 'क्षमस्व, आपण उत्तम प्रयत्न केलात, कृपया पुन्हा प्रयत्न करा.' इतक्या लाघवी आवाजात, की विमान पडतानाही ती पेढा देईल. मला ती नको आहे. जितेश म्हणतो कुणाचाही आवाज घालता येतो, नुसता फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचा. मला तुझा हवा आहे. अख्खी नोकरी तू त्या सरकारी खात्याच्या टेलिफोनवर बसून लोकांना 'साहेब जागेवर नाहीत' सांगितलंस, आणि लोक मुकाट्याने फोन ठेवायचे. तो आवाज. वसतिगृहात सगळ्या मुली माझं गाणं ऐकून वा वा म्हणत असताना तू एकटीच म्हणाली होतीस की निषाद लागत नाहीये. तोही तोच आवाज. माझ्यासाठी एकच शब्द म्हण, 'मेलीस.' दया नको, समजावणं नको, आणि उगाच पुढे 'गं' लावू नकोस.

शेवटचं ता. क. रेकॉर्ड करताना कपाटाचं दार उघडून गोधड्यांत तोंड घालून बोल, म्हणजे खोली घुमत नाही असं जितेश सांगतो. (कॅरलने पाहिलं तर तिला आधी कल्पना दे.) आणि तो म्हणतो की जिंकल्यावर म्हणायचंही एक वाक्य लागेल. तेही सवडीने म्हणून ठेव. त्याची काही घाई नाही.